बारा तासांचा सौदा

पोस्टिंगचा कागद बाळकुमच्या घरी आला तेव्हा मी खाडीत होतो. शहाऐंशीचा ऑक्टोबर. तीस दिवसांच्या सुट्टीतले सोळा झाले होते. ओहोटी लागली होती आणि मी थोरल्या भावाबरोबर गुडघाभर चिखलात उभा राहून जाळं आवरत होतो. आई बांधावरून ओरडली, "मोरू, सरकारचा कागद आयलाय रं!"

कागदावर चार ओळी होत्या. सुट्टी रद्द. लडाखमध्ये वर्कशॉप डिटॅचमेंटला रिपोर्ट करा. भावाने विचारलं, "तिथे मासळी मिळते का?" मी म्हटलं, "तिथे पाणीच गोठतं." तो म्हणाला, "मंग बर्फातली मिलंल."

मी फौजेत व्हेइकल मेकॅनिक होतो, रँक नाईक. पंधरा वर्षांच्या नोकरीत मी गोळी झाडली ती फक्त फायरिंग रेंजवर. हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. पडू दे. पुढच्या चौकीवरचा जवान जे खातो, जाळतो आणि झाडतो ते गाडीतून जातं, आणि गाडी मेकॅनिकच्या सहीवर जाते. आमच्या वर्कशॉपमध्ये एक नियम होता. मेकॅनिकने फॉर्मवर 'अनफिट' लिहिलं की गाडी गेटबाहेर पडत नाही. कितीही मोठा अफसर येऊ दे. हा नियम वाचकांनी लक्षात ठेवावा.

आमची छावणी चौदा हजार फुटांवर होती. नव्या ट्रकना टर्बो होता. नागरिकांसाठी सांगतो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक पंखा फिरतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. विरळ हवेत हे नसेल तर भरलेला ट्रक चढावर धापा टाकतो. तो दांडा तेलात फिरतो. तापलेलं इंजिन एकदम बंद केलं की तेलाचा प्रवाह थांबतो आणि आत राहिलेलं तेल जागच्या जागी करपतं. कढईच्या बुडाला बसतं तसं. त्याला आम्ही कार्बन म्हणायचो. तो साठत गेला की तेल परत जायची वाट बुजते. मग ते पंख्याकडून इंजिनात शिरतं.

उपाय दोन. पहिला ड्रायव्हरचा: गाडी थांबवल्यावर इंजिन तीन मिनिटं हळू चालू ठेवायचं, मग बंद करायचं. दुसरा माझा: टर्बो उतरवायचा, खोलायचा, रॉकेल आणि डिझेलच्या मिश्रणात चोवीस तास भिजवायचा, मग बांबूच्या काडीने खरवडायचा. लोखंडी तार वापरली की आत ओरखडे पडतात. सगळ्या वाटांतून हवा मारायची, वरून तेल ओतायचं आणि ते खालून कसं उतरतं ते बघायचं. धार अखंड पडली की काम झालं.

सकाळी पाचला उठायचं, सहाला इंजिनांखाली शेकोट्या, सातला चहा, मग दिवसभर काम. बोटं पान्याला चिकटायची. दुपारी घटकाभर उन्हात पडलो की डोक्यात एकच हिशेब चालायचा. आज तिथी कुठली, खाडीला भरती किती वाजता, भाऊ आत्ता कुठे असेल. त्या कोरड्या हवेत मला चिखलाचा वास हवासा वाटायचा. असा वास कोणाला हवासा वाटतो हे मी कोणाला सांगितलं नाही.

एकाला सांगितलं. लान्स नाईक सुदाम रोकडे, ड्रायव्हर. कल्याण पूर्वेचा, कोळसेवाडीतल्या चाळीतला. घरी आई, बायको शालिनी आणि दीड वर्षांची मुलगी. आमच्या दोघांच्या घरांत एक खाडी आणि पाऊण तासाचं अंतर. तिकडे गेल्यावर तेवढ्या अंतराचा माणूस सख्खा होतो.

"पाटील, वास कसला रे आठवतोस? आमच्याकडे नाल्याचा येतो तो पाठवू का?"

"तू नको सांगू. कल्याणच्या माणसाला खाडी म्हणजे पुलावरून थुंकायची जागा."

"आणि बाळकुमच्या माणसाला खाडी म्हणजे सासर. बायको तिथलीच, भांडण तिथलंच."

तो नेहमी तीन मिनिटं मोजायचा. थंडीने कुडकुडत सगळे जेवणाच्या लंगरकडे पळत, आणि हा केबिनमध्ये घड्याळ बघत बसलेला. बाकीचे ड्रायव्हर टोमणे मारत, "काय रोकडे, अंगाई म्हणतोस का इंजिनाला?" तो म्हणायचा, "पोर झोपल्याशिवाय पाळणा सोडायचा नसतो. तुम्हाला काय कळणार, सगळे सडेफटिंग."

मार्च सत्त्याऐंशी. एका सकाळी सहा वाजता सुदामने त्याचा ट्रक माझ्यापुढे आणून उभा केला. आधी ती गाडी दुसऱ्या युनिटकडे होती. धूर निळसर येत होता. मी टर्बो खोलला. आत काळा दगड. दुसऱ्या दिवशी सकाळी ताफा खिंडीपलीकडच्या चौकीवर जायचा होता. त्याआधी ट्रकमध्ये रॉकेलची पिंपं भरायची होती.

आमचे कॅप्टन साहेब आले. तरुण, हुशार. हिंदीत बोलायचे, मी इथे मराठीत लिहितो.

"पाटील, गाडी कधी?"

"सर, चोवीस तास नुसता भिजवावा लागेल. मग साफ करायचा."

"सहा तास."

"सर, सहा तासांत चणेसुद्धा भिजत नाहीत."

"आठ."

"वीस, सर."

"हा कल्याणचा बाजार नाही, पाटील."

"म्हणून तर सर, दलाली मागत नाही."

साहेब हसले. "बारा. संध्याकाळी सहाला गाडी लोडिंगला. शेवटचं."

"बारा. आणि आमच्या बराकीला रॉकेलचा एक जेरीकॅन जास्त."

"घेऊन जा."

मी खूश होतो. हे लपवत नाही. लहानपणापासून ठाण्याच्या मासळी बाजारात आईच्या पाटीशेजारी उभा राहून मी भाव करायला शिकलो होतो. समोरच्याने सहा म्हटलं की चोवीस म्हणायचं आणि बाराला तोडायचं. अफसराकडून दुप्पट वेळ काढला आणि वर जेरीकॅन. बराकीत सगळ्यांनी पाठ थोपटली.

दुपारी दोन वाजता मी टर्बो रॉकेलमधून काढला, कारण साफ करून परत बसवायला चार तास लागणार होते. म्हणजे भिजला तो जेमतेम सात तास. वरचा कार्बन निघाला. खालच्या वाटेत काडी घातली ती अर्ध्यावर अडली. जोर केला. थोडी खपली निघाली, काडी पुढे गेली. तेल ओतलं. उतरलं. धार अखंड नव्हती, मधे तुटत होती. पण उतरलं.

सुदाम शेजारी उभा होता. "झाला?"

"झाला."

"पूर्ण?"

"अरे, आता तू मेकॅनिक झालास का? गाडी चालव गुपचूप."

सहा वाजून दहा मिनिटांनी मी फॉर्मवर 'फिट' लिहिलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी ताफा सात वाजता निघाला. नऊ गाड्या. पहिल्या आणि शेवटच्या गाडीत रेडिओ. पहिली सुदामची, त्याच्या शेजारी सिग्नलचा एक तमिळ ऑपरेटर. शेवटची, नववी, रिकव्हरीची, म्हणजे बिघडलेल्या गाड्या ओढणारी, तिच्यात मी. चढावर काही झालं नाही. अकरा वीसला खिंडीच्या माथ्यावर हॉल्ट. अकरा पस्तीसला उतार सुरू. आकाश निळं, ऊन लख्ख, रस्त्यावर काचेसारखा बर्फ.

अकरा चव्वेचाळीसला आमचा रेडिओ वाजला आणि मी माइक उचलला. ऑपरेटरचा आवाज.

"नऊसाठी एक. इंजिनचा आवाज वाढतोय. ड्रायव्हरचा पाय पेडलवर नाही. ओव्हर."

"एकसाठी नऊ. स्टॉपची दांडी ओढा. ओव्हर."

"ओढली आहे. बंद होत नाही. पांढरा धूर. समोरचं दिसत नाही. ओव्हर."

मला कळलं. तेल वाट सोडून इंजिनात शिरलं होतं. स्टॉपच्या दांडीने डिझेल बंद होतं. हे इंजिन आता डिझेलवर चालतच नव्हतं, स्वतःचं तेल पीत होतं. ते संपेपर्यंत थांबणार नव्हतं.

"एकसाठी नऊ. हवेचा पाइप बंद करता येईल का? ओव्हर."

"उतारावर आहोत. गिअर काढलाय. ब्रेक धरत नाही, बर्फ आहे."

मग सुदामचा आवाज. मराठीत, कारण मीच ऐकणार हे त्याला माहीत होतं.

"पाटील, खाली वळणावर रस्त्याचे मजूर आहेत. बायकापण आहेत. मी डोंगराला लावतो."

"सुदाम, उडी मार."

उत्तर आलं नाही. ऑपरेटरने नंतर सांगितलं, सुदामने त्याच्या बाजूचं दार उघडायला लावलं आणि लाथ मारून त्याला बाहेर ढकललं. त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, जीव वाचला. ट्रक वळणाच्या साठ पावलं अलीकडे डोंगराच्या अंगाला घासत गेला आणि एका कातळावर थांबला. भरलेली पिंपं पुढे केबिनवर आली. मी पोचलो तेव्हा बारा वाजायला आठ मिनिटं होती. इंजिन तेव्हाही चालू होतं. मी बॉनेट उघडून हवेच्या तोंडावर माझा कोट कोंबला. तेव्हा बंद झालं.

सुदाम गेला होता. अठ्ठावीस वर्षांचा होता. मजूर सगळे सुखरूप होते.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी तंबूत झाली. तीन अफसर. ऑपरेटर इस्पितळात होता, त्याची साक्ष घेतली नाही. कॅप्टन साहेब म्हणाले, मेकॅनिकने गाडी फिट दिली होती. हे खरं होतं. मी उभा राहून ओरडलो, "सर, मी चोवीस मागितले होते! तुम्ही बारा दिले!"

अध्यक्षांनी विचारलं, "फॉर्मवर सही तुमची?"

"हो, सर."

"कोणी जबरदस्तीने घेतली?"

"नाही, सर."

पुढचं गणित सरळ होतं. आदल्या संध्याकाळी टर्बो ठीक असल्याचा कागद आहे. दुसऱ्या दिवशी तो बिघडला. म्हणजे मधे ड्रायव्हरने बिघडवला. माथ्यावर त्याने तापलेलं इंजिन एकदम बंद केलं असणार. निष्कर्ष लिहिला गेला: चालकाचा निष्काळजीपणा. ज्या माणसाने कधी तीन मिनिटं चुकवली नाहीत त्याच्या नावापुढे हे. मला ओरडल्याबद्दल लाल शाईची एंट्री मिळाली. हवालदार व्हायला तीन वर्षं उशीर झाला. एक्क्याण्णव साली मी बाहेर पडलो.

बाळकुम नाक्याजवळ पत्र्याची शेड घेतली. आधी ट्रक आले. मग नव्वदच्या दशकात टर्बोवाल्या डिझेल जीप आल्या, मग मोटारी. ठाण्यात तेव्हा टर्बो खोलून साफ करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. गिऱ्हाईक कळव्याहून, डोंबिवलीहून यायचं. मी स्वतःच्या हिमतीवर उभा राहिलो आणि भाव करण्यात मला कोणी हरवलं नाही. वेळेबद्दल मात्र शेडमध्ये घासाघीस चालत नसे. डोंबिवलीचे एक सद्गृहस्थ एकदा म्हणाले, "काका, संध्याकाळपर्यंत द्या ना. थोडं इकडे तिकडे करा."

"उद्या याच वेळेला."

"अहो, टेंभी नाक्यावरचा मेकॅनिक दोन तासांत देतो."

"मग तिकडे जा. माझ्या दारात गाडी का लावलीत?"

"चिडता काय? मी आपलं विचारलं."

"आणि मी आपलं सांगितलं."

ते गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. राग माझ्या नाकावर असतो, लोकांना ते माहीत आहे.

पण तो राग खरा कोणावर होता ते सांगतो. कॅप्टन साहेबांवर. सात वर्षांत मी वर पाच अर्ज पाठवले. प्रत्येकात एकच मजकूर: अफसराने वेळ कापला, ड्रायव्हर निर्दोष आहे. प्रत्येक वेळी उत्तर एकच: नवा पुरावा नाही. दरवर्षी मार्चमध्ये मी कोळसेवाडीला शालिनी वहिनींकडे जायचो, चहा घ्यायचो आणि साहेबांना शिव्या देऊन परत यायचो. त्या डोंबिवलीत एका कारखान्यात पॅकिंगला होत्या. ऐकून घ्यायच्या.

कल्याणला आम्हा माजी सैनिकांचा वर्षातून एकदा मेळावा होतो. तालुक्यातले जे जवान कर्तव्यावर असताना मृत्यू पावले त्यांची नावं उभं राहून वाचली जातात. नंबर, रँक, नाव, गाव. यादी एका निवृत्त सुभेदार साहेबांकडे असे. सुदामचं नाव त्यात नव्हतं. अठ्ठ्याण्णव साली वहिनी पहिल्यांदा मेळाव्याला आल्या, मुलीला घेऊन. मुलगी तेरा वर्षांची झाली होती. नावं वाचून झाली. मुलीने आईकडे बघितलं. दोघी उठून निघून गेल्या.

मी सुभेदार साहेबांना गाठलं. "रोकडेचं नाव का नाही?"

"पाटील, दरवर्षी तेच काय? रेकॉर्डला निष्काळजीपणा लिहिलाय. ज्याच्या चुकीने सरकारी गाडी गेली त्याचं नाव मी कसं वाचू? उद्या बाकीच्यांच्या घरचे विचारतील."

"चूक त्याची नव्हती!"

"मग कोणाची ते कागदावर आणा. ओरडून कागद बदलत नाही. तुम्ही तंबूतपण ओरडला होता म्हणे."

मी टेबलावर हात आपटला आणि तसाच कोळसेवाडीला गेलो. वहिनी चाळीच्या गॅलरीत भांडी घासत होत्या. मी सुरू झालो: तो साहेब, त्याने कापलेले तास.

त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "भाऊजी, अकरा वर्षं मी साहेब ऐकतेय. साहेब कसा चालायचा तेसुद्धा मला आता पाठ झालंय. एक विचारू?"

"विचारा."

"सही कोणाची होती?"

"वहिनी, ते तसं नसतं. वरून ऑर्डर आली की..."

"तुम्हीच मला सांगितलेलं, मेकॅनिकने नाही म्हटलं की गाडी जात नाही. कितीही मोठा अफसर येऊ दे. तुम्हीच सांगितलेलं, मोठ्या तोऱ्यात. मग तुम्ही नाही का म्हटलं नाही?"

मी चिडून उठलो. "म्हणजे मी मारला त्याला?"

"मी तसं म्हटलं नाही. पोरीला शाळेत विचारतात, बाबा कसे गेले. मी काय सांगू? साहेब वाईट होता?"

मी निघालो. कोळसेवाडी ते कल्याण स्टेशन चालत गेलो. घरी येऊन जेवलो नाही. बायकोने विचारलं, तिच्यावरही खेकसलो.

साहेबांनी सहा तास सांगितले होते. त्यांना टर्बो कळत नव्हता, त्यांना ताफा कळत होता. त्यांचं काम मागणं होतं. 'अनफिट' लिहिणं माझं काम होतं. मी तो शब्द न लिहिता भाव केला, कारण भाव करण्यात मला मजा येत होती. कार्बनला सौदा कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडली नाही. सहावा अर्ज लिहिला. अकरा ओळी. टर्बो पूर्ण साफ झाला नव्हता. तेलाची धार तुटत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरीही मी फिट लिहिलं. सही माझी आहे आणि ती खोटी आहे. लान्स नाईक रोकडेने इंजिन नेहमी नियमाने बंद केलं. यासाठी माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी. साहेबांचं नाव त्यात नव्हतं. सोबत त्या ऑपरेटरचं पत्र मागवून जोडलं. त्याचा मदुराईकडचा पत्ता माझ्याकडे सुरुवातीपासून होता. त्याने माथ्यावरच्या तीन मिनिटांबद्दल लिहून दिलं. आधीच्या पाच अर्जांच्या वेळी मी ते मागितलं नव्हतं. ती तीन मिनिटं सिद्ध झाली की बोट सहीकडे येणार हे मला माहीत होतं. हे आज लिहितो.

उत्तर आठ महिन्यांनी आलं. माझ्याबद्दल दोन ओळी होत्या, त्या माझ्या फाइलला लागल्या. जुन्या ओळखीच्यांपैकी तिघे माझ्याशी बोलायचे थांबले. त्यात माझ्या बराकीतला एक होता. सुदामबद्दल एक ओळ होती. चालकाचा दोष आढळत नाही. मृत्यू कर्तव्य बजावताना झाला.

कागद घेऊन मी आधी सुभेदार साहेबांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. माझ्याकडे बघितलं. यादीची वही काढून त्यांनी नाव स्वतःच्या हाताने लिहिलं.

नव्याण्णवच्या मेळाव्यात ते वाचलं गेलं. सगळे उभे होते. वहिनी दुसऱ्या रांगेत होत्या. मुलीने नाव ऐकलं आणि मान ताठ ठेवली.

परतताना आम्ही तिघं कोळसेवाडीपर्यंत चालत गेलो. मुलगी म्हणाली, "काका, बाबांचं काहीतरी सांगा ना. कागदावर नसलेलं."

अकरा-बारा वर्षं मी त्या घरी जात होतो आणि हे मला कोणी विचारलं नव्हतं, कारण मी कोणाला बोलू दिलं नव्हतं.

"डावखुरा होता," मी म्हटलं. "आपल्याकडे गिअर डाव्या हाताला असतो ना? तो म्हणायचा, अख्ख्या देशाने गाड्या माझ्यासाठी बनवल्यात."

मुलगी हसली. वहिनी म्हणाल्या, "जेवायचेसुद्धा डाव्याच हाताने. आई हातावर चमचा मारायच्या, तरी ऐकायचे नाहीत."

"आणि बर्फात गाडी घसरली की बायकोचं नाव घ्यायचा."

"काहीतरीच!"

"खरं. 'शालिनी, सांभाळ गं,' म्हणायचा. आम्ही सगळे हसायचो."

वहिनींनी पदर तोंडाशी धरला आणि पुढे चालू लागल्या. मुलगी माझ्या बाजूला आली. "अजून," ती म्हणाली.

मी सांगत राहिलो. चाळ आली तरी माझं संपलं नव्हतं.